लोणारी कोळशाची शेगडी आणि धुराची भट्टी : एका घरगुती रूपांतराचा इतिहास

पाकसाधनांचा इतिहास लिहिताना अमुक साधन कोणी शोधून काढले, हा प्रश्न सामान्यतः प्रथम विचारला जातो. ते साधन पुढे कोणाच्या हाती गेले आणि त्या हातांनी त्याचा मूळ हेतू कसा पालटला, हा प्रश्न मागाहून येतो. पुष्कळदा तर तो येतच नाही. याचा परिणाम असा होतो की, ज्यांच्या नावे पेटंट आहे त्यांचा इतिहास तयार होतो, आणि ज्यांच्या अंगी कसब होते ते इतिहासाच्या बाहेर राहतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका अगदी साध्या उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घरोघरच्या परसात लोणारी कोळशाची शेगडी आली, आणि तिच्या मालकांनी त्याच शेगडीचे मांसाला धुरी देणाऱ्या भट्टीत रूपांतर केले, हे ते उदाहरण होय.

शेगडीवर मांस भाजणे हे काही मिनिटांचे काम आहे. आच प्रखर असते, मांसाचा तुकडा पातळ असतो आणि निखारा थेट त्याच्या खाली असतो. धुरीच्या भट्टीत सर्वच गोष्टी याच्या उलट असतात. आच मंद, तुकडा मोठा, विस्तव एका अंगाला, आणि वेळ आठ-आठ, बारा-बारा तास. या दोन परस्परविरोधी क्रिया एकाच भांड्यात कशा साधल्या? आणि ज्याला आपण रूपांतर म्हणतो ते नवे संशोधन होते, की पूर्वी एकत्र नांदणाऱ्या व मध्यंतरी विलग झालेल्या गोष्टींची पुन्हा केलेली जुळणी होती? या लेखात दुसऱ्या पक्षाचे समर्थन करावयाचे आहे.

१. शब्द आणि वस्तू

इंग्रजीतील ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये ‘बार्बाकोआ’ या रूपाने आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गोन्सालो फर्नांदेस दे ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराच्या १५२६ मधील ग्रंथात तो आढळतो. मुळात तो पदार्थाचा किंवा मेजवानीचा वाचक नसून एका रचनेचा वाचक आहे. जमिनीत रोवलेल्या मेढी आणि त्यांवर अंथरलेल्या काटक्या, अशी ती रचना. आपल्याकडील मचाण किंवा माळा डोळ्यांपुढे आणला म्हणजे तिची कल्पना येते. तिच्यावर धान्य ठेवीत, माणसे निजत, आणि खाली विस्तव केला म्हणजे तिच्यावरच मांस व मासळी भाजीत. विल्यम डँपिअर या इंग्रज प्रवाशाने १६९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात हा शब्द जमिनीपासून सुमारे तीन फूट उंचीच्या, निजावयाच्या मांडवासाठीच योजिला आहे. ‘दाढीपासून शेपटीपर्यंत’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दसमूहावरून हा शब्द निघाला, अशी जी व्युत्पत्ती अद्याप अधूनमधून पुढे केली जाते, ती केवळ ध्वनिसाम्यावर आधारलेली असून ग्राह्य मानता येत नाही.

याच रचनेसाठी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर तुपी लोकांचा दुसरा शब्द होता. त्याचे फ्रेंच रूप ‘बूकाँ’ असे झाले. १५५७-५८ मध्ये ब्राझीलमध्ये राहिलेल्या जाँ द लेरी याने १५७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या मांडवाचे वर्णन दिले आहे. त्यावर मांस मंद विस्तवाने, वारंवार परतून शिजविले जाई, आणि असे मांस टिकत असे. पुढे सतराव्या शतकात हिस्पानिओला बेटावर रानगुरे व रानडुकरे मारून त्यांचे मांस याच रीतीने सिद्ध करणाऱ्या फ्रेंच शिकाऱ्यांना ‘बूकानिए’ हे नाव पडले, आणि ते शिकारी चाचेगिरीकडे वळल्यावर इंग्रजीत ‘बकनीर’ हा शब्द चाच्यांचा वाचक झाला. १६७८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झालेल्या एक्सक्वेमेलिनच्या ग्रंथाने या लोकांची हकीकत युरोपभर नेली.

चित्ररूप पुरावाही उपलब्ध आहे. १५८५ मध्ये रोआनोक येथील इंग्रज वसाहतीबरोबर गेलेल्या जॉन व्हाइट या चित्रकाराने काटक्यांच्या जाळीवर भाजल्या जाणाऱ्या मासळीचे जलरंगचित्र काढले असून ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. थिओडोर द ब्राय याने १५९० आणि १५९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोरीव चित्रांत असेच मांडव दिसतात. मात्र ही कोरीव चित्रे युरोपात, मूळ प्रदेश न पाहिलेल्या कारागिरांच्या हातून तयार झाली, हे लक्षात ठेवूनच त्यांचा आधार घ्यावयास हवा.

या सर्व पुराव्यावरून एक गोष्ट निश्चितपणे म्हणता येते. भाजणे आणि धुरी देणे या दोन क्रिया त्या मांडवावर वेगळ्या झालेल्या नव्हत्या. विस्तव लाकडाचा होता, म्हणून धूर होताच. मांडव उंच होता, म्हणून आच मंद होती. आणि मांस टिकवावयाचे होते, म्हणून वेळ दिला जात होता. लाकूड, अंतर आणि वेळ या तीन गोष्टींचा तो संयोग होता. पुढील इतिहास हा या संयोगाच्या विघटनाचा इतिहास आहे.

२. धुरीचे दोन हेतू

युरोपातही धुरी देण्याची परंपरा प्राचीन आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन मुत्सद्दी केटो याने शेतीवरील आपल्या ग्रंथाच्या अखेरीस डुकराच्या मांड्या टिकविण्याची कृती दिली आहे. तीत मांड्या आधी मिठात पुरावयाच्या, मग वाऱ्यावर टांगावयाच्या, तेल चोळून दोन दिवस धुरात ठेवावयाच्या, आणि शेवटी तेल व शिर्का लावून पुन्हा टांगावयाच्या, असा क्रम आहे. येथे धूर हा मिठाचा आणि वाऱ्याचा सहायक आहे. मांस शिजविणे हा त्याचा हेतू नाही. आजच्या परिभाषेत याला थंड धुरी म्हणतात. तीत उष्णतामान साधारणतः ३० सेल्सिअस अंशांच्या खाली राखले जाते. उलटपक्षी गरम धुरीत मांस धुराबरोबरच शिजते.

पोर्तुगीजांचे धुरी दिलेले सॉसेज, म्हणजे ‘शोरिसो’, गोव्यात आले तेव्हा या परंपरेला येथील हवामानाप्रमाणे वळण लागले. गोव्याच्या सॉसेजमध्ये मीठ, मिरची आणि माडीचा शिर्का यांच्यावर व उन्हात वाळविण्यावर मुख्य भिस्त असते. मांस टिकविणे हा हेतू असला म्हणजे धुराची जागा ऊन आणि आम्ल काही अंशी घेऊ शकतात, याचे ते बोलके उदाहरण आहे.

परंतु रुची हा हेतू असला म्हणजे धुराला पर्याय शोधणे कठीण जाते. याची जाणीव उद्योजकांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच झाली होती. कॅन्सस सिटी येथील अर्नेस्ट राइट या औषधविक्रेत्याने १८९५ मध्ये लाकडाचा धूर थंड करून मिळविलेला द्रव बाटलीत भरून विकावयास काढला. मांस भट्टीत टांगण्याऐवजी त्यावर हा ‘द्रवधूर’ चोळावा, अशी ती कल्पना होती. दुसऱ्या टोकाला, १९३९ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील टॉरी संशोधन केंद्राने मासळीला धुरी देण्यासाठी यांत्रिक भट्टी सिद्ध केली. तीत धूर एका ठिकाणी उत्पन्न करून पंख्याच्या साहाय्याने मासळीवरून फिरविला जाई, आणि त्याचे उष्णतामान व आर्द्रता यांवर नियंत्रण ठेवता येई. विस्तव आणि अन्न यांची पूर्ण फारकत हे या भट्टीचे तत्त्व होय.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन घरांत यांत्रिक शीतपेटी सर्वसाधारण वस्तू झाली. मांस टिकविण्यासाठी धूर आवश्यक राहिला नाही. म्हणजे धुरीचा जुना हेतू संपला आणि केवळ रुचीचा हेतू उरला. याच सुमारास घराघरांच्या परसात कोळशाची शेगडी आली, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

३. खड्डा आणि त्याचे जाणते

उत्तर अमेरिकेतील इंग्रज वसाहतींत काटक्यांच्या मांडवाची जागा जमिनीत खणलेल्या लांबट खड्ड्याने घेतली. वेगळ्या ठिकाणी कठीण जातीचे लाकूड पेटवून त्याचे निखारे फावड्याने खड्ड्यात सोडावयाचे, वर आडव्या काठ्यांवर सबंध डुक्कर ठेवावयाचे, आणि रात्रभर निखाऱ्यांची भर घालीत राहावयाचे, अशी ही रीत. जॉर्ज वॉशिंग्टन १७६९ च्या मे महिन्यात अलेक्झांड्रिया येथे अशा एका मेजवानीस गेल्याची नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. पुढे निवडणुकीच्या सभा, राष्ट्रीय उत्सव आणि धार्मिक मेळावे यांचे हे ठरलेले अंग बनले.

वॉशिंग्टन मेजवानीस गेले हे आपणांस ठाऊक आहे. तेथील खड्ड्याजवळ रात्रभर कोण बसले होते, हे रोजनिशी सांगत नाही. दक्षिणेकडील संस्थानांत हे काम मुख्यतः गुलामगिरीत असलेल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांकडे होते. फेडरल रायटर्स प्रोजेक्ट या सरकारी योजनेखाली १९३६ ते १९३८ या काळात पूर्वाश्रमीच्या गुलामांच्या ज्या मुलाखती टिपून घेतल्या गेल्या, त्यांत साउथ कॅरोलायना संस्थानातील वेस्ली जोन्स या अतिवृद्ध गृहस्थांची मुलाखत या दृष्टीने मोलाची आहे. शिर्का, तिखट, मिरी, मीठ, लोणी, कांदा, लसूण इत्यादींचे मिश्रण रात्रभर मांसावर कसे शिंपडीत राहावयाचे, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून सांगितले आहे. हे ज्ञान कोठे लिहिलेले नव्हते. निखारा कोणत्या रंगाचा झाला म्हणजे खड्ड्यात सोडावयाचा, चरबी पेटू लागली तर काय करावयाचे, मांस कधी परतावयाचे, हे सर्व हात आणि डोळे यांनी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात होते.

अलीकडील संशोधकांनी या प्रश्नाची दखल घेतली आहे. अँड्र्यू वॉर्न्स यांनी २००८ मधील ग्रंथात असे प्रतिपादन केले की, युरोपियनांच्या लेखनात ‘बार्बेक्यू’ या शब्दाभोवती रानटीपणाची जी कल्पना गुंफली गेली, ती या शब्दाच्या इतिहासाचाच एक भाग आहे. एड्रियन मिलर यांनी २०२१ मधील ग्रंथात कृष्णवर्णीय आचाऱ्यांचे या परंपरेतील स्थान सविस्तर मांडले. या दोन्ही ग्रंथांमुळे शोधांची केवळ यादी देणारा इतिहास अपुरा ठरतो.

टेक्सास संस्थानाच्या मध्यभागी मात्र वेगळी धारा दिसते. जर्मन आणि चेक वंशाच्या खाटकांनी आपल्या दुकानांत न विकलेले मांस धुरी देऊन विकावयास प्रारंभ केला. लॉकहार्ट येथील १९०० मध्ये स्थापन झालेले क्रॉइट्स मार्केट हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तेथील विटांच्या भट्टीत ओकच्या लाकडाचा विस्तव भट्टीच्या एका टोकाला पेटतो, आणि धूर व उष्णता आडवी वाहत मांसावरून दुसऱ्या टोकाकडे जातात. खाली विस्तव आणि वर मांस, ही खड्ड्याची रचना येथे नाही. विस्तव बाजूला आहे. या तत्त्वाचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

४. कोळसा : धूर काढून घेतलेले लाकूड

आता कोळशाकडे वळू. लाकडास हवेचा पुरवठा तोडून तापविले म्हणजे त्याचे शुष्क ऊर्ध्वपातन होते. प्रथम पाणी निघून जाते. नंतर साधारणतः २०० अंशांच्या पुढे हेमिसेल्युलोज, आणि त्याहून अधिक उष्णतेस सेल्युलोज व लिग्निन यांचे विघटन होते. जे वायुरूपाने बाहेर पडते तोच धूर. लिग्निनच्या विघटनातून ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही फिनॉलवर्गीय द्रव्ये निघतात. धुरीच्या पदार्थाची चव मुख्यतः पहिल्यामुळे व सुगंध दुसऱ्यामुळे येतो. फॉर्मल्डिहाइड, सेंद्रिय आम्ले व फिनॉले जंतूंना आणि चरबीच्या खवटपणाला आळा घालतात. सेल्युलोजवर्गातून निघणारी कार्बोनिल द्रव्ये मांसाला तपकिरी रंग देतात. हे सर्व निघून गेल्यावर मागे जो प्रायः कार्बन उरतो तो लोणारी कोळसा.

सह्याद्रीच्या उतारावरील कोळसाभट्ट्यांवर राबलेल्या कातकरी मजुरांना ही गोष्ट रसायनशास्त्रावाचून ठाऊक होती. मातीने लिंपलेल्या भट्टीतून प्रथम दाट पांढरा धूर निघतो, तो हळूहळू विरळ व निळसर होतो, आणि मग भट्टी पिकली असे ठरते. शहरात येणारा कोळसा आपला धूर रानातच सोडून आलेला असतो. म्हणूनच तो घरात वापरण्यास सोयीचा, आणि म्हणूनच धुरीच्या कामास निरुपयोगी.

या वस्तुस्थितीकडे लक्ष दिले असता ‘कोळशाच्या शेगडीत धुरी’ या कल्पनेतील विसंगती स्पष्ट होते. धूर निघू नये म्हणून जे इंधन तयार झाले, त्याच्याकडूनच धुराची अपेक्षा करावयाची! शेगडीवरील मांसाला जो खमंगपणा येतो, तो मुख्यतः निखाऱ्यावर पडून जळणाऱ्या चरबीचा असतो. लाकडाची धुरी ही निराळी वस्तू आहे.

अमेरिकन शेगडीत वापरला जाणारा कोळसा तर आणखी एक पायरी पुढे गेलेला होता. भुकटी केलेल्या कोळशात स्टार्चसारखे बंधक मिसळून दाबलेल्या वड्यांच्या रूपाने तो मिळे. या वड्यांचा शोध हेन्री फोर्ड यांनी लावला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. एल्सवर्थ झ्वोयर यांना उशीच्या आकाराच्या वडीचे पेटंट १८९७ मध्येच मिळालेले होते. ओरेगन विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ ऑरिन स्टॅफर्ड यांनी लाकडाच्या भुशापासून वड्या बनविण्याची प्रक्रिया सिद्ध केली. फोर्ड यांनी १९२० नंतरच्या दशकात मिशिगन संस्थानातील आपल्या लाकूड कारखान्यात, मोटारींचे भाग करताना उरणाऱ्या लाकडासाठी ती मोठ्या प्रमाणावर अमलात आणली. जागेच्या निवडीत त्यांचे नातलग एडवर्ड किंग्जफर्ड यांचा हात होता. १९३० नंतर या वड्या फोर्ड मोटारींच्या विक्रेत्यांकडे वनभोजनाच्या शेगडीसह विकल्या जात. १९५१ मध्ये हा व्यवसाय विकला जाऊन त्यास किंग्जफर्ड हे नाव मिळाले, आणि १९७३ मध्ये तो क्लोरॉक्स कंपनीकडे गेला.

वडीचा आकार सारखा, वजन सारखे, आणि म्हणून जळण्याचा वेळही जवळजवळ सारखा. कारखान्याने हे सोयीसाठी केले. धुरीसाठी या एकसारखेपणाचा उपयोग होईल, हे त्या वेळी कोणाच्या मनात नव्हते.

५. झाकण

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांभोवती उपनगरे झपाट्याने वाढली. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर १९४७ मध्ये उभारणीस प्रारंभ झालेले लेव्हिटाउन हे त्यांचे प्रातिनिधिक उदाहरण. प्रत्येक घरास परस आले आणि परसात शेगडी आली. ही शेगडी उथळ, उघडी, तीन पायांवर उभी असे. वारा आला की राख उडे, चरबी पडली की ज्वाळा उठत.

शिकागो येथील वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये या अडचणीवर उपाय काढला. पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी त्या कारखान्यात पोलादी अर्धगोल तयार होत. असा एक अर्धगोल खाली व दुसरा त्यावर झाकण म्हणून योजून, हवेसाठी झरोके ठेवून त्यांनी गोलाकार शेगडी बनविली. स्टीफन यांचा हेतू येथे काळजीपूर्वक पाहावयास हवा. वाऱ्यापासून संरक्षण आणि ज्वाळांवर नियंत्रण एवढेच त्यांना साधावयाचे होते. धूर कोंडणे हा त्यांचा हेतू नव्हता.

झाकणाची कल्पना त्यांच्या एकट्याचीही नव्हती. जपानमध्ये ‘कामादो’ नावाची मातीची झाकणबंद चूल फार पूर्वीपासून प्रचारात होती. महायुद्धानंतर तेथे असलेल्या अमेरिकन सैनिकांनी तशा चुली मायदेशी आणल्या, आणि १९७४ मध्ये एड फिशर यांनी अटलांटा येथे ‘बिग ग्रीन एग’ या नावाने त्यांचा व्यवसाय सुरू केला. तथापि पातळ पोलादाची, स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी शेगडी स्टीफन यांचीच होती, आणि म्हणून पुढील रूपांतर प्रायः तिच्यावर घडले.

६. रूपांतराचे तंत्र

हे रूपांतर कोणा एकाने कोणा एका दिवशी केले असे दाखविता येत नाही. त्याचे घटक मात्र निश्चित सांगता येतात.

पहिला घटक म्हणजे विस्तव बाजूला सारणे. सुमारे ५७ सेंटिमीटर व्यासाच्या गोल शेगडीत निखारे एका अंगाला रचतात. दुसऱ्या अंगाला खालच्या जाळीवर पाण्याचे पसरट भांडे ठेवतात, आणि त्याच्या वर मांस. पाणी उष्णता शोषून चढउतार कमी करते व गळणारी चरबी झेलते. टेक्सासमधील विटांच्या भट्टीचे तत्त्व ते हेच.

दुसरा घटक हवेचे नियमन. खालचे झरोके जवळजवळ मिटले म्हणजे निखाऱ्याला प्राणवायू कमी पडतो व आच मंदावते. झाकणावरील झरोका मात्र उघडा ठेवून तो मांसाच्या वर येईल असे झाकण फिरवितात. त्यामुळे धूर शेगडीत साचून कडवट होत नाही. तो मांसावरून वाहत जाऊन बाहेर पडतो. अशा रीतीने सुमारे १०७ ते १३५ अंश उष्णतामान कित्येक तास राखता येते.

तिसरा घटक वेळ लांबविण्याची युक्ती. कोळशाच्या वड्या शेगडीच्या कडेने कंकणाकृती ओळीत, दुहेरी थरात रचून केवळ एका टोकाला पेटविल्या, तर विस्तव त्या ओळीतून सावकाश पुढे सरकतो. न पेटलेल्या वड्यांच्या ढिगावर थोडे पेटते निखारे ठेवण्याची दुसरी युक्ती जिम मिनियन या अमेरिकन स्पर्धकाच्या नावाने ओळखली जाते. कारखान्याने वडीला दिलेला एकसारखेपणा येथे उपयोगी पडला. वडी ही जणू घड्याळाचे काम करू लागली.

चौथा घटक, आणि ऐतिहासिक दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण, म्हणजे लाकूड. ओक, हिकरी, सफरचंद अशा झाडांच्या वाळलेल्या लाकडाचे मुठीएवढे तुकडे त्या वड्यांवर अंतराअंतराने ठेवतात. राळयुक्त पाइन वर्ज्य मानतात. कोळसा करताना काढून घेतलेला धूर येथे लाकडाच्या रूपाने कोळशाला परत दिला जातो.

या व्यवस्थेत मांसामध्ये काय घडते, हेही थोडक्यात पाहणे इष्ट आहे. डुकराचा खांदा किंवा गुरांच्या छातीचे मांस चिवट असते, कारण त्यात कोलॅजेन पुष्कळ असते. ते साधारणतः ७० अंशांच्या पुढे सावकाश विरघळून त्याचे जिलेटिन होते. म्हणून असे मांस आतून ९० अंशांच्या वर नेतात. वाटेत ६५ ते ७० अंशांच्या आसपास मांसाचे उष्णतामान काही तास जागचे हलत नाही. पृष्ठभागावरील ओलाव्याचे बाष्पीभवन जेवढी उष्णता खर्च करते, तेवढीच विस्तवाकडून मिळत असते, हे त्याचे कारण होय. कापलेल्या मांसाच्या कडेला दिसणारे गुलाबी वलय धुरातील नायट्रिक ऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड यांचा मांसातील मायोग्लोबिनशी संयोग झाल्याने उत्पन्न होते. ते रुचीचे गमक नव्हे.

शेगडीच्या मालकांनी जे साधले त्यासाठी कारखान्यांनी पुढे स्वतंत्र साधने दिली. १९८१ मध्ये वेबर कंपनीने धुरीसाठीच योजलेले उभे, पाण्याचे भांडे असलेले साधन बाजारात आणले. ओरेगनमधील जो ट्रेगर यांनी १९८० नंतरच्या दशकात लाकडी भुशाच्या गोळ्या यंत्राने विस्तवात सोडणारी शेगडी तयार केली. तिच्यात राखणदाराची रात्रभराची जागही यंत्राकडे गेली.

७. धुराची दुसरी बाजू

धुराचे गुण सांगताना त्याचे दोष वगळणे शास्त्राला धरून होणार नाही. लाकडाच्या अपूर्ण ज्वलनातून, तसेच निखाऱ्यावर जळणाऱ्या चरबीतून बेंझोपायरिनसारखी बहुचक्रीय हायड्रोकार्बने निर्माण होतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा, आणि त्यात धुरी दिलेल्या मांसाचाही, कर्करोगास कारण ठरणाऱ्या पहिल्या वर्गात समावेश केला. युरोपीय संघाने धुरी दिलेल्या मांसातील बेंझोपायरिनची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून दर किलोग्रॅमास ५ वरून २ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली. विस्तव बाजूला सारून चरबी पाण्याच्या भांड्यात झेलण्याच्या रीतीने यांतील एक उगम कमी होतो. दुसरा, म्हणजे खुद्द धुराचा, राहतोच.

दुसरा धोका तात्कालिक आहे. कोंडलेल्या हवेत जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला रंग नाही, वास नाही. मंद आचेसाठी झरोके मिटलेली शेगडी बंद खोलीत वा छपराखाली ठेवणे प्राणघातक ठरते. तिसरे असे की, ५ ते ६० अंश या दरम्यान मांसात जंतूंची वाढ झपाट्याने होते, म्हणून मंद आच याचा अर्थ मांस या टप्प्यात रेंगाळू देणे असा होत नाही. खड्ड्याजवळ रात्र जागविणारे जाणते हे सर्व डोळ्यांनी ओळखीत. आजच्या गृहस्थाला उष्णतामापक वापरावा लागतो.

८. उपसंहार

उपर्युक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, कोळशाच्या शेगडीचे धुरीच्या भट्टीत झालेले रूपांतर हा नवा शोध नसून पुनर्जुळणी आहे. बार्बाकोआच्या मांडवावर लाकूड, अंतर आणि वेळ एकत्र होती. कोळशाने लाकडापासून धूर वेगळा केला, उथळ शेगडीने अंतर नाहीसे केले, आणि शीतपेटीने वेळ देण्याची गरज संपविली. परसातील गृहस्थाने लाकडाचे तुकडे, बाजूला सारलेला विस्तव आणि मिटलेले झरोके यांच्या साहाय्याने ही तीनही अंगे पुन्हा एका भांड्यात आणली.

दुसरा निष्कर्ष असा की, वस्तूचा कर्ता आणि वस्तूच्या उपयोगाचा कर्ता हे एकच असतात असे गृहीत धरता येत नाही. झ्वोयर, स्टॅफर्ड, फोर्ड, स्टीफन यांपैकी कोणाच्याही मनात धुरी नव्हती. वडीचा एकसारखा आकार आणि वाऱ्यासाठी योजलेले झाकण यांचा धुरीसाठी उपयोग करणारे लोक निराळे होते, आणि त्यांच्या कृतीमागील तत्त्वे त्यांच्याही आधीच्या लोकांनी खड्ड्याजवळ व विटांच्या भट्टीजवळ सिद्ध केलेली होती.

तिसरा निष्कर्ष इतिहासलेखनाच्या पद्धतीविषयी आहे. पेटंटे, कारखान्यांच्या नोंदी आणि जाहिराती ही साधने सहज सापडतात, म्हणून इतिहास त्यांच्याकडे झुकतो. ज्यांना लिहिण्यास शिकण्याची मनाई होती, त्यांचे ज्ञान अशा साधनांत सापडणार नाही; ते उतारवयात घेतलेल्या मुलाखतींत, दुसऱ्याच्या रोजनिशीतील मौनात आणि खुद्द कृतीच्या क्रमात शोधावे लागते. लाकूड, अंतर आणि वेळ यांची जुळणी परसातील गृहस्थ करू शकला. कसब आणि ते कसब असणाऱ्यांची नावे यांची जी फारकत झाली आहे, ती मात्र शेगडीत भरून निघणारी नाही. ते काम अभ्यासकांचे आहे, आणि जेथे साक्ष उपलब्ध आहे तेथे तरी ते हाती घेतले गेले पाहिजे.